जर-तरचा अभ्यास

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सरोजिनी नगर, लखनौ येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून काही भारदस्त विषयावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मंडळाच्या इतिहासावर बोलण्याचा अधिकार माझ्याहून ज्येष्ठ मंडळींचा आहे, आणि साहित्यावर बोलण्याचा अधिकार मला नाही. मी केंद्र सरकारच्या नोकरीत आयुष्य घालविलेला एक साधा बी. ए. माणूस आहे. गेली काही वर्षे रविवारी सकाळी मंडळातील मुलांचा इंग्रजी व्याकरणाचा वर्ग घेतो, एवढीच काय ती माझी सेवा. तेव्हा चिटणीसांनी ‘वर्गातच जे बोलता तेच बोला’ असे सांगितले आणि माझी सुटका झाली. आजचा विषय आहे इंग्रजीतील संकेतार्थी वाक्ये, म्हणजेच आपल्या रोजच्या भाषेत ‘जर-तरची’ वाक्ये.

मराठीत ‘जर-तरच्या गोष्टी’ म्हणजे ज्यांना काही अर्थ नाही अशा गोष्टी, असा संकेत रूढ आहे. परंतु कचेरीतील तीस वर्षांच्या अनुभवावरून मी असे म्हणू शकतो की, माणसाचे पुष्कळसे हिताहित या दोन शब्दांच्या मधल्या जागेत साठविलेले असते. विम्याचा कागद, नेमणुकीचे पत्र, भाडेकरार, निवृत्तिवेतनाचा नियम, यांपैकी कोणताही कागद उघडा. ‘अमुक झाले तर तमुक मिळेल’ याखेरीज त्यात दुसरे काय असते? १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातील ३१ वे कलम तर अशाच कराराची व्याख्या करते. एखादी घटना घडली किंवा घडली नाही, तर अमुक करावयाचे, असा तो करार. घर जळाले तर दहा हजार रुपये द्यावयाचे, असे उदाहरण तेथे दिलेले आहे.

आता आपल्या या वस्तीविषयी दोन शब्द. कानपूर मार्गावरील सरोजिनी नगरात मराठी कुटुंबे आली ती नोकरीच्या निमित्ताने. येथे एके काळी स्कूटर्स इंडियाचा कारखाना गजबजलेला असे. २०२१ साली तो बंद करण्याचा निर्णय झाला. जवळच अमौसीचा विमानतळ आहे. देशातील पहिली सैनिक शाळा १९६० साली येथेच सुरू झाली, आणि कारगिलच्या रणांगणावर परमवीरचक्राचे मानकरी ठरलेले कॅप्टन मनोजकुमार पांडे हे याच शाळेचे विद्यार्थी. अशा ठिकाणी वाढणारी आपली मुले घरी मराठी, अंगणात हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतात. तीन भाषा त्यांच्या जिभेवर असतात. त्यांच्या इंग्रजीतील चुका तपासताना माझ्या असे ध्यानात आले की, ही मुले व्याकरण विसरत नाहीत. उलट एका भाषेचे व्याकरण ती फार प्रामाणिकपणे दुसऱ्या भाषेत पाळतात. जर-तरच्या वाक्यांत हे जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र दिसत नाही.

उदाहरण घ्या. आपण सहज म्हणतो, ‘उद्या पाऊस पडला तर सहल रद्द होईल.’ या वाक्यातील ‘पडला’ या रूपाकडे नीट पाहा. पाऊस उद्याचा आहे आणि क्रियापद मात्र भूतकाळाचे! आपल्या कानाला यात काही वावगे वाटत नाही, कारण ‘पडला तर’ असे म्हटले की ती गोष्ट घडण्याची शक्यता आहे, एवढाच अर्थ मराठी माणूस घेतो. हिंदीतही तसेच. ‘कल बारिश हुई तो’ असेच येथील मुले म्हणतात. आता हेच वाक्य मुलगा इंग्रजीत नेतो आणि लिहितो, ‘इफ इट रेन्ड टुमॉरो, द पिकनिक विल बी कॅन्सल्ड.’ दुसरा अधिक विचारी मुलगा म्हणतो, पाऊस उद्याचा आहे ना, मग भविष्यकाळच हवा. आणि तो लिहितो, ‘इफ इट विल रेन.’ इंग्रजीला दोन्ही मान्य नाहीत. तेथे अशा अटीत वर्तमानकाळ लागतो, ‘इफ इट रेन्स टुमॉरो.’ करार अधिनियमातील त्या उदाहरणातही घर पुढे कधीतरी जळावयाचे आहे, तरी इंग्रजी क्रियापद वर्तमानकाळाचेच आहे.

बरे, इंग्रजीत अटीच्या भागात भूतकाळ कधीच येत नाही काय? येतो, पण तो आला की अर्थ पालटतो. ‘इफ आय हॅड अ कार, आय वुड गो टु हजरतगंज एव्हरी डे.’ येथे ‘हॅड’ हा भूतकाळ कालच्या मोटारीविषयी बोलत नाही. मोटार आज माझ्याजवळ नाही, हे तो सांगतो. म्हणजे मराठीत जे भूतकाळी रूप ‘होऊ शकेल’ असे सुचविते, तेच इंग्रजीत ‘नाही’ असे सुचविते. सारा घोटाळा येथून सुरू होतो.

दुसरी अडचण त्याहून सूक्ष्म आहे. आपल्या शाळेतील व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ शिकवीत असत: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, आणि १९११ साली मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले. या परंपरेतून आलेला संकेतार्थ म्हणजे ‘तू काल आला असतास तर आपण बरोबर गेलो असतो’ अशी वाक्ये. या वाक्याचे दोन्ही पाय सारखे आहेत. इकडे ‘असतास’, तिकडे ‘असतो’. हिंदीतही ‘तुम कल आते तो हम साथ चलते’, दोन्हीकडे एकच घडण. इंग्रजीचे पाय मात्र सारखे नाहीत. ‘इफ यू हॅड कम येस्टरडे, वी वुड हॅव गॉन टुगेदर.’ एकीकडे ‘हॅड’, दुसरीकडे ‘वुड हॅव’. आपला मुलगा समतोल राखण्यासाठी दोन्हीकडे ‘वुड हॅव’ घालतो, आणि शिक्षक त्याखाली लाल रेघ ओढतात. कोणी म्हणेल, अमेरिकेतील लोक बोलताना असे म्हणतात. खरे आहे, परंतु परीक्षेत आणि कचेरीच्या कागदावर ते अजून चूकच समजले जाते. नम्र विनंती करताना ‘इफ यू वुड’ म्हणण्याची सवलत आहे, तेवढा अपवाद मुलांना जरूर सांगावा.

तिसरी गोष्ट. ‘पैसे असते तर मी ते घर घेतले असते.’ हे वाक्य आजचे की दहा वर्षांपूर्वीचे? मराठीत ते दोन्ही असू शकते. ‘आज’ किंवा ‘तेव्हा’ या शब्दावरून आपण ओळखतो. इंग्रजी मात्र येथे दोन वेगळी रूपे मागते. आज पैसे नाहीत म्हणून आज घर घेता येत नाही, याला एक रूप. तेव्हा पैसे नव्हते म्हणून तेव्हा घर घेता आले नाही, याला दुसरे. मराठी जेथे एका शब्दावर काम भागविते, तेथे इंग्रजी क्रियापदाचीच घडण बदलते. यात एक भाषा थोर आणि दुसरी लहान असे काही नाही. प्रत्येक घराची खोल्यांची मांडणी वेगळी असते, इतकेच.

आता आपण विचाराल, एवढ्या बारकाव्यांनी काय बिघडते? पाच गुण कमी पडतील, याहून अधिक काय होणार? याचे उत्तर देण्यासाठी मला माझ्याच नोकरीतील एक प्रसंग सांगावा लागेल. तो आजवर मी कोणत्याही व्यासपीठावरून सांगितलेला नाही.

तीस वर्षांहून थोडा अधिक काळ झाला असेल. मी नोकरीत नवा होतो आणि माझी नेमणूक दक्षिणेकडील एका शहरात होती. तेथील लोकांशी आमचा पत्रव्यवहार राजभाषा नियमांप्रमाणे इंग्रजीत चाले. मी महाराष्ट्रातील खेड्यात मराठी माध्यमातून शिकलेला. इंग्रजीची ओळख पाचवीत झाली. पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात २००० साली आले. पुढे ‘रेन आणि मार्टिन’ पाठ केले आणि स्पर्धा परीक्षा दिली. माझ्या इंग्रजीत चूक काढणे सोपे नव्हते, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

चतुर्थ श्रेणीतील एका कर्मचाऱ्याचे सेवेत असताना निधन झाले होते. त्याच्या पत्नीचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज आला. त्यात एक दाखला कमी होता. तसे तिला कळविण्याचा मसुदा माझ्याकडे आला. माझ्या मनात वाक्य होते ते असे: ‘दाखला सादर केला तर प्रकरणाचा विचार करता येईल.’ ‘केला’ हा भूतकाळ. तो इंग्रजीत आणताना साधा भूतकाळ मला कचेरीच्या भाषेत हलका वाटला, म्हणून मी ‘हॅड बीन सबमिटेड’ असे लिहिले. एकदा ‘हॅड’ आल्यावर पाठ केलेल्या नियमाने दुसऱ्या भागात ‘वुड हॅव बीन कन्सिडर्ड’ आपोआप आले. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. वरिष्ठांनी त्यावर नजर फिरविली आणि सही केली. चुकीचे इंग्रजी असते तर त्यांनी ते निश्चित थांबविले असते.

परंतु त्या वाक्याचा अर्थ काय झाला? ‘दाखला सादर केला असता, तर प्रकरणाचा विचार झाला असता.’ म्हणजे आता वेळ गेली. बाईंना इंग्रजी येत नव्हते. त्यांनी पत्र शेजारच्या एका निवृत्त शिक्षकांकडे नेले. शिक्षकांचे इंग्रजी उत्तम होते, म्हणून त्यांनी त्या वाक्याचा जो खरा अर्थ होतो तोच सांगितला. बाई घरी गेल्या आणि पत्र पेटीत ठेवून दिले.

दीड वर्षाने त्यांचे भाऊ दुसऱ्या एका कागदासाठी कार्यालयात आले. त्यांच्या हातात ते पत्र होते. ‘साहेब, आता काही होणार नाही हे ठाऊक आहे, पण निदान हे काम तरी होईल का?’ असे त्यांनी विचारले. मी माझाच मसुदा वाचला, आणि तो काय सांगतो हे मला प्रथमच कळले. दाखला आठ दिवसांत आला. निवृत्तिवेतन मंजूर झाले आणि थकबाकीही मिळाली. मी वरिष्ठांना घडलेली चूक सांगितली. त्यांनी मला रागावून बोलण्याऐवजी पुढील मसुदे मोठ्याने वाचून मगच पाठविण्याची सूचना केली. मात्र त्या दीड वर्षात बाईंच्या थोरल्या मुलाने नववीतून शाळा सोडली होती आणि तो एका दुकानात कामाला लागला होता. तो पुन्हा शाळेत गेला नाही. पैशांची थकबाकी देण्याची तरतूद नियमांत आहे. शाळेच्या वर्षांची नाही. चूक माझी होती हे त्या बाईंना जाऊन सांगण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि पुढे माझी बदली झाली. ही दुसरी चूक व्याकरणाची नव्हती.

मुलांच्या वर्गात मी जर-तरच्या वाक्यांवर इतका का अडून बसतो, याचे कारण हे आहे.

आता अभ्यास कसा करावा, याविषयी थोडेसे. मी मुलांना प्रकारांची नावे आणि क्रमांक आधी सांगत नाही. एका दाराची कल्पना करावयास सांगतो आणि इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावयास सांगतो. पहिला प्रश्न: दार अजून उघडे आहे काय? असेल तर अटीत वर्तमानकाळ आणि पुढे ‘विल’. ‘पुष्पक एक्सप्रेसचे आरक्षण मिळाले तर आम्ही गणपतीला घरी जाऊ.’ येथे अजून आशा आहे, म्हणून ‘इफ वी गेट’ आणि ‘वी विल गो’. दुसरा प्रश्न: दार आज बंद आहे काय? असेल तर अटीत भूतकाळ आणि पुढे ‘वुड’. ‘आज आजी येथे असती तर तिने उकडीचे मोदक केले असते.’ आजी गावी आहे, म्हणून ‘इफ आजी वेअर हिअर’ आणि ‘शी वुड मेक’. येथे ‘वॉज’ऐवजी ‘वेअर’ लिहिण्याची जुनी शिस्त आहे, ती पाळावी. तिसरा प्रश्न: दार मागेच बंद झाले काय? असेल तर ‘हॅड’ आणि ‘वुड हॅव’. ‘आरक्षण मिळाले असते तर आम्ही गेल्या वर्षी गणपतीला घरी गेलो असतो.’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येक घरात कधी ना कधी बोलले गेले असेल.

याखेरीज एक चौथा, अगदी साधा प्रकार आहे. जे नेहमीच घडते त्यासाठी दोन्हीकडे वर्तमानकाळ. ‘तेल नीट तापले नाही तर चकली तेल पिते.’ यात आशा नाही, खंतही नाही. नुसता स्वयंपाकघराचा नियम आहे. माता-भगिनींनी दिवाळीत मुलांकडून अशी पाच वाक्ये इंग्रजीत करून घ्यावीत. त्यासाठी वेगळ्या शिकवणीची गरज नाही.

कचेरीच्या इंग्रजीतील आणखी दोन खाचा मोठ्या मुलांनी ओळखाव्यात. ‘अनलेस’ या शब्दाच्या पोटातच नकार आहे. म्हणून ‘अनलेस यू डू नॉट कम’ असे लिहिले की अर्थ उलटा होतो. मराठीतील ‘आल्याशिवाय’ हा शब्द मनात धरला तर ही चूक होत नाही. दुसरी खाच ‘शुड’ची. पत्राच्या अखेरीस ‘शुड यू रिक्वायर एनी इन्फर्मेशन’ असे असते, ते वाचून आपला माणूस समजतो की आपल्याला काहीतरी मागितलेच पाहिजे. तेथे ‘शुड’ म्हणजे ‘पाहिजे’ नव्हे. तेथे तो ‘जर’ आहे. आपल्याकडे ‘माहिती हवी असल्यास’ असे लिहितात, तोच त्याचा अर्थ. हे ‘असल्यास’, ‘केल्यास’, ‘आल्यास’ फार गुणी शब्द आहेत. ते नेहमी उघड्या दाराविषयीच बोलतात. त्या दिवशी माझ्या मनात ‘सादर केल्यास’ हा शब्द आला असता, तर ‘केला’ या भूतकाळाने मला फसविले नसते.

येथे मला आपल्या पालकांना एक विनंती करावयाची आहे. इंग्रजी सुधारावे म्हणून घरात मराठी बंद करण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. माझा अनुभव याच्या उलट आहे. ज्या मुलाला ‘आला तर’ आणि ‘आला असता तर’ यांतील भेद मराठीत नीट समजतो, त्याला इंग्रजीतील भेद एका रविवारात समजावून देता येतो. ज्याला तो आपल्याच भाषेत समजत नाही, त्याला इंग्रजीत नुसते साचे पाठ करावे लागतात. आणि पाठ केलेला साचा चुकीच्या जागी कसा बसतो, हे मी आत्ताच सांगितले. आपल्या मुली येथे ‘मी गेली असती’ असे म्हणतात. ‘मैं गई होती’ हे हिंदी वाक्य त्यामागे असते. त्यांना ‘मी गेले असते’ हे हळुवारपणे सांगावे. एका अभ्यासात दोन भाषा सुधारतील.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीने तर्खडकरांच्या नावाची भाषांतर पाठमाला गिरविली. तिचे तीन भाग होते. लहान वाक्य मराठीतून इंग्रजीत न्यावयाचे, मग इंग्रजीतून मराठीत आणावयाचे, आणि एक पायरी पक्की झाल्यावरच दुसरी चढावयाची, अशी ती रीत होती. याच लखनौ शहरात १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी संगीताचे विद्यालय उभे केले. आज ते त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. त्यांनीही रागांचा अभ्यास ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत पायरीपायरीने मांडला, आणि ती पुस्तके मूळ मराठीत लिहिली. स्वर असोत की वाक्ये, आधी आपल्या भाषेत उमजून घ्यावे, क्रमाने घोकावे आणि मग बाहेर वापरावे, ही शिकवण आपल्याला परकी नाही.

बालमित्रांनो, तुम्हांला एक छोटा अभ्यास देतो. आज घरी गेल्यावर एकच मराठी वाक्य घ्या. ते तीन प्रकारांनी म्हणा: दार उघडे असताना, दार आज बंद असताना आणि दार मागेच बंद झाले असताना. मग त्यांचे इंग्रजी करा आणि शेवटी मोठ्याने वाचा. ज्याला हे पत्र जाणार आहे त्याला काय समजेल, असे स्वतःला विचारा. हा प्रश्न व्याकरणाच्या पुस्तकात नसतो. तो मला एका पेटीत ठेवलेल्या पत्राने शिकविला.

आपल्या मंडळाने पन्नास वर्षे मुलांसाठी जागा, वेळ आणि माणसे पुरविली. वर्ग पूर्वीप्रमाणेच दर रविवारी सकाळी भरेल. पालकांनी मुलांना पाठविल्यास तो चालेल. हे पहिल्या प्रकारचे वाक्य आहे, हे आपल्या ध्यानात आलेच असेल.